शेतकऱ्याच्या घरातील मांजर : स्वभाव, आहार व निगा

ठाणे जिल्ह्यात भात हे मुख्य पीक होय. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांतील शेतकऱ्याचे वर्षाचे अन्न आश्विन-कार्तिकात खळ्यावरून घरात येते आणि कणगीत, पोत्यांत अथवा पत्र्याच्या कोठीत साठविले जाते. नेमक्या याच वेळी शेतातील उंदरांचा आहार संपतो व ते बांधावरची बिळे सोडून वस्तीकडे वळतात. उंदीर दररोज आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतके धान्य खातो. परंतु तो खातो त्याहून नासाडी अधिक करतो. लेंड्या, मूत्र व केस यांनी धान्य दूषित होते, पोती कुरतडली जातात आणि बियाण्याचा अंकुराकडील भाग खाल्ला गेल्यामुळे ते पेरणीस निरुपयोगी ठरते.

या शत्रूवर उपाय म्हणून आपल्या खेड्यांत पूर्वापार मांजर पाळले जाते. मात्र ते 'पाळले' जाते असे म्हणणे बहुतेक ठिकाणी धाडसाचे ठरेल. मांजर घरात असते, मिळेल ते खाते आणि त्याने उंदीर मारावेत अशी अपेक्षा असते. त्याला काय खावयास द्यावे, त्याच्याकडून कोणते काम होईल व कोणते होणार नाही, याचा विचार क्वचितच केला जातो. परिणामी मांजर असूनही कणगी फुटते आणि दोष मात्र मांजराच्या आळसाला दिला जातो. या लेखात मांजराचा स्वभाव, आहार व वर्तन यांची शास्त्रीय माहिती देऊन तिचा धान्यरक्षणाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

मांजर माणसाकडे कसे आले

गाय, बैल, शेळी हे प्राणी माणसाने धरून आणले व माणसाळविले. मांजराची गोष्ट वेगळी आहे. आजच्या घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांत राहणारे एक रानमांजर होय. त्या भागात माणसाने शेती सुरू केली व धान्याचा साठा होऊ लागला. साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा आढळला असून ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. अर्थात ती माणसांनी नावेतून नेली असली पाहिजेत.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, मांजराचे व शेतकऱ्याचे नाते धान्याच्या कोठारातून जुळलेले आहे. दुसरी अशी की, मांजर अंशतः स्वतःच्या इच्छेने माणसाजवळ आलेले असल्यामुळे त्याच्या अंगी कुत्र्यासारखी आज्ञाधारकता नाही. त्याला हुकूम देता येत नाही. त्याच्या सवयी ओळखून त्यांचा उपयोग मात्र करून घेता येतो.

शरीररचना व ज्ञानेंद्रिये

प्रौढ मांजराचे वजन साधारणतः ३ ते ५ किलो असते. बोका भाटीपेक्षा मोठा असतो. शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. म्हणून निरोगी मांजर हाताला गरम लागल्यास त्याला ताप आहे असे समजू नये. पुढच्या पायांना पाच व मागच्या पायांना चार बोटे असतात. नख्या आत ओढून घेण्याची सोय असल्याने त्या जमिनीवर झिजत नाहीत व चालताना आवाजही होत नाही.

प्रौढ मांजरास ३० दात असतात. त्यांपैकी चार सुळे भक्ष्याच्या मानेतील मणक्यांच्या सांध्यात शिरतील अशा बेताचे असतात. मागील दाढा कात्रीप्रमाणे मांस कापतात. धान्य दळण्यास लागणाऱ्या रुंद, सपाट दाढा मांजरास नाहीत. केवळ दातांकडे पाहिले तरी हा प्राणी कोणत्या आहारासाठी घडला आहे हे समजून येते.

मांजराला पाहण्यास माणसाला लागतो त्याच्या सुमारे एक षष्ठांश प्रकाश पुरतो. डोळ्याच्या मागील बाजूस असणाऱ्या चकाकत्या थरामुळे प्रकाशाचा दुहेरी उपयोग होतो, आणि त्यामुळेच अंधारात कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात. पूर्ण काळोखात मात्र त्यालाही दिसत नाही. तेथे मिशांचा उपयोग होतो. कानाची शक्ती तर विलक्षण आहे. उंदरांचे परस्परांना दिलेले अतिसूक्ष्म आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचे असतात, पण मांजर ते ऐकू शकते. पेंढ्याच्या उडवीसमोर मांजर तासभर निश्चल बसलेले दिसते, तेव्हा ते झोपलेले नसून ऐकत असते.

स्वभाव व वर्तन

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते. यावरून त्याला आळशी म्हणणे योग्य नव्हे. दबा धरून एका झेपेत शिकार करणाऱ्या प्राण्याला थोड्या वेळात पुष्कळ शक्ती खर्च करावी लागते व उरलेला वेळ ती साठवावी लागते. त्याची हालचाल मुख्यतः पहाटे व तिन्हीसांजेला असते. उंदीरही साधारणतः याच वेळी व रात्री बाहेर पडतात.

मांजर आपला प्रदेश आखून राहते. गाल व मान खांबाला घासणे, दाराच्या चौकटीवर नखे ओढणे, बोक्याने कोपऱ्यात मूत्र उडविणे या सर्व क्रिया हद्द दाखविण्यासाठी होत. पायांशी येऊन अंग घासणे हे लाडाचे लक्षण आहेच, पण त्याचबरोबर घरच्या माणसांना आपला वास लावून 'आपले' ठरविण्याचीही ती रीत आहे. ओळखीच्या मांजराने शेपटी उभी धरून येणे हे स्वागत होय. शेपटी झटकणे, कान मागे पाडणे, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावणे ही चिडल्याची वा भ्याल्याची लक्षणे होत. अशा वेळी लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.

शिकार करण्याची ओढ जन्मजात असली तरी तिचे कौशल्य पिलू आईकडून शिकते. भाटी प्रथम मेलेला, नंतर अर्धमेला व शेवटी जिवंत उंदीर पिलांपुढे आणून टाकते. म्हणून धान्यरक्षणासाठी पिलू घ्यावयाचे असल्यास उंदीर मारणाऱ्या भाटीचे घ्यावे आणि ते निदान आठ आठवडे, शक्य तर बारा आठवडे आईजवळ राहू द्यावे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान पिलाला माणसाचा हात लागला पाहिजे. या काळात माणसाची ओळख न झालेले पिलू पुढे सहसा माणसाळत नाही. ते माळ्यावर राहते, पण आजारी पडल्यास हाती लागत नाही.

मांजराला उपाशी ठेवले म्हणजे ते अधिक उंदीर मारते, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते व ती चुकीची आहे. भूक आणि शिकारीची ओढ या मांजराच्या ठिकाणी बऱ्याच अंशी स्वतंत्र प्रेरणा आहेत. पोट भरलेले मांजरही उंदरावर झडप घालते. फार तर तो न खाता टाकून देते. उलट, उपाशी मांजर घर सोडून जाते, शेजाऱ्याच्या कोंबडीची पिल्ले उचलते किंवा बाजारातील उकिरड्यावर जाऊन बसते. ज्या कोठाराची राखण करावयाची, तेथेच ते राहत नाही.

चिचुंद्रीविषयीही एक सूचना आवश्यक आहे. चिचुंद्री हा उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे खाते. मांजर तिला कधी मारते, पण तिच्या उग्र वासामुळे बहुधा खात नाही. अंगणात मेलेली चिचुंद्री दिसली म्हणून उंदरांचा बंदोबस्त झाला असे समजू नये.

मांजराकडून किती अपेक्षा करावी

या प्रश्नाचा विचार आपल्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे तो प्रांतभर पसरला. उंदीर व त्याच्या अंगावरील पिसवा यांचा या रोगाशी असलेला संबंध उघड झाल्यावर, अमरावती येथील सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी असे मत मांडले की, ज्या गावांत मांजरे पुष्कळ आहेत तेथे प्लेगचा उपद्रव कमी असतो. त्यांचा लेख १९०८ साली इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांजर पाळण्याचा त्यांचा आग्रह त्या काळाला धरून होता. परंतु मांजरालाही प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो, हे आज ज्ञात आहे. म्हणून केवळ मांजरावर विसंबून रोगाचा प्रतिबंध होतो असे मानता येत नाही.

यापेक्षा अधिक काटेकोर निरीक्षण ऑक्सफर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांचे आहे. शेतावरील उंदरांच्या बंदोबस्तात मांजरांचा उपयोग, या विषयावरील त्यांचा लेख १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष शेतकऱ्याने पाठ करून ठेवावा असा आहे. शेतघरात उंदीर आधीच माजलेले असतील तर मांजरे त्यांना हटवू शकत नाहीत. पण अन्य उपायांनी उंदीर एकदा नाहीसे केले, तर मांजरे त्यांना पुन्हा शिरू देत नाहीत. मात्र याला दोन अटी आहेत. मांजरांना घरी नियमित पूरक आहार मिळाला पाहिजे, आणि इमारतीपासून सुमारे ५० यार्डांच्या, म्हणजे अंदाजे ४५ मीटरांच्या पलीकडे त्यांचा प्रभाव धरू नये.

२०१८ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील कचरा-प्रक्रिया केंद्रात झालेल्या पाहणीने याच निष्कर्षाला दुजोरा दिला. तेथे मोठ्या उंदरांची वसाहत होती व मांजरेही होती. ७९ दिवसांच्या चित्रणात मांजरांनी केवळ दोन उंदीर मारल्याचे आढळले. मात्र मांजरांच्या वावरामुळे उंदीर उघड्यावर येण्याचे टाळू लागले. 'मांजर आणले आणि उंदीर दिसेनासे झाले' असे सांगणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. परंतु दिसेनासे होणे आणि कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उंदीर दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहिल्यास त्याचे मोल कणगी उघडताना कळते.

उंदराच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. घरातील लहान उंदीर व अर्धवट वाढलेली पिल्ले ही मांजराची सोपी शिकार होय. छपरात व माळ्यावर राहणारा काळा उंदीर चपळ मांजर मारू शकते. अर्धा ते एक किलो वजनाच्या घुशीच्या वाटेला मात्र बहुतेक मांजरे जात नाहीत व त्यांनी जावे अशी अपेक्षाही करू नये. घुशीसाठी बिळे बुजविणे, जोत्याची दुरुस्ती व पिंजरा हेच उपाय होत.

उंदीर खरोखर कमी झाले की नाहीत, हे पाहण्याची सोपी रीत पुढीलप्रमाणे आहे. सायंकाळी घराभोवतीची सर्व बिळे ओल्या मातीने बुजवावीत व सकाळी त्यांपैकी किती उघडली गेली ते मोजावे. उघडलेली बिळे तेवढी वापरातील समजावीत. माळ्यावर लेंड्या झाडून काढाव्यात व दुसऱ्या दिवशी नवीन पडल्या आहेत का ते पाहावे. दर पंधरवड्यास ही पाहणी केल्यास मांजराचे काम किती झाले याचा खरा हिशोब मिळतो.

मांजराचा आहार

मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाबरोबर भात-भाकरीवर बराच काळ तग धरतो. मांजराचे तसे नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही व ते केवळ मांस, मासे अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून अंधत्व येते, आणि हृदय दुबळे होऊन ताणले जाते. यांपैकी डोळ्यांचा विकार १९७५ च्या व हृदयाचा विकार १९८७ च्या संशोधनाने सिद्ध झाला. त्याचप्रमाणे गाजर वा पालेभाजीतील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीही मांजरात नाही. ते त्याला प्राणिज अन्नातून आयतेच मिळावे लागते. मांजराच्या जिभेला गोड चव कळत नाही, हेही आता सिद्ध झालेले आहे.

निसर्गतः मांजर दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाते. एक लहान उंदीर म्हणजे त्याचे एक लहानसे जेवण होय आणि त्यात टॉरिन, पाणी, चरबी, हाडांतील चुना असे सर्व काही असते. चार किलो वजनाच्या प्रौढ मांजरास दिवसाला सुमारे २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. केवळ शिकारीवर ही गरज भागवावयाची तर त्याला रोज सात-आठ लहान उंदीर मारावे लागतील. सुस्थितीतील घरात इतके उंदीर नसावेत हेच आपले उद्दिष्ट आहे. म्हणूनच घरचा आहार अटळ ठरतो.

ठाणे व कल्याण परिसरातील घरात सहज उपलब्ध होणाऱ्या पदार्थांसंबंधी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

मासे : खाडीकाठच्या गावांत व ठाण्याच्या चेंदणीसारख्या कोळीवाड्यांत मांजरे माशांच्या डोक्यांवर व आतड्यांवर वाढतात. मासे देण्यास हरकत नाही. मात्र ते उकडून द्यावेत. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. उकडल्याने त्याचा दोष जातो. ज्या पाण्यात मासे उकडले ते पाणी फेकू नये, कारण टॉरिनचा बराच अंश त्यात उतरतो. ते पाणी भातात कालवून द्यावे.

सुकी मासळी : पावसाळ्यात ताजे मासे महाग झाले की सुकट, बोंबील दिले जातात. खारविलेली मासळी पाण्यात भिजवून, धुऊन मगच द्यावी. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो.

भात : भात हा मांजराचा आहार नसून केवळ भर होय. मासे अथवा मांसाचे दोन भाग असल्यास भाताचा एक भाग पुरे. नुसता दूधभात खाणारे मांजर पोट भरलेले दिसते, पण कालांतराने त्याची त्वचा निस्तेज होते व दृष्टी मंदावते.

दूध : पिलू मोठे झाल्यावर दुधातील साखर पचविण्याची शक्ती बहुतेक मांजरांत घटते. त्यामुळे पुष्कळांना दुधाने जुलाब होतात. ज्याला सोसते त्याला थोडे द्यावे. कसेही असो, दूध हा पाण्याला पर्याय नव्हे.

मांस, अंडी व काळीज : कोंबडीचे मांस, हृदय यांसारखे भाग उत्तम होत. शिजविलेली हाडे मात्र टोकदार फुटतात व घशात किंवा आतड्यात रुततात; ती देऊ नयेत. अंडे शिजवून द्यावे. अंड्यात टॉरिन अल्प असल्याने त्यावर विसंबू नये. काळीज आठवड्यातून एकदाच व थोडे द्यावे. रोज दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन हाडे जखडतात.

कांदा व लसूण : हे कच्चे असोत वा शिजविलेले असोत, मांजराच्या रक्ताला घातक आहेत. कालवणातील मसालेदार मासा देण्याऐवजी फोडणी देण्यापूर्वीच मांजराचा वाटा बाजूला काढावा.

डोंबिवली, कल्याण व ठाणे येथील अनेक कुटुंबांत मांसाहार होत नाही. अशा कुटुंबांनी मांजर पाळल्यास त्याच्यावर आपला नेम लादू नये. बाजारात मांजरांसाठी बनविलेले संपूर्ण खाद्य मिळते. त्यात टॉरिन घातलेले असते व ते स्वयंपाकघराबाहेर देता येते. कुत्र्याचे खाद्य मात्र मांजरास पुरत नाही.

मांजराचा पूर्वज कोरड्या प्रदेशातील असल्याने त्याला तहान कमी लागते व त्याचे मूत्र घट्ट असते. केवळ कोरड्या खाद्यावर वाढलेल्या बोक्यास मूत्रमार्गात अडथळा होण्याचा संभव असतो. बोका वारंवार बसतो, ओरडतो, पण मूत्र होत नाही असे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. दोन दिवस वाट पाहिल्यास तो दगावतो. स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे खाद्यापासून थोडे दूर व सावलीत नेहमी भरलेले असावे.

पूरक आहार सकाळी व सायंकाळी ठराविक वेळी, कोठाराजवळच द्यावा व उरलेले उचलून घ्यावे. रात्रभर पडलेले खाद्य मांजरापेक्षा उंदरांच्याच उपयोगी पडते.

विषारी आमिषे आणि मांजर

एका हाताने मांजर पाळावयाचे व दुसऱ्या हाताने माळ्यावर विष ठेवावयाचे, हा प्रकार अनेक घरांत दिसतो. याचा शेवट बहुधा मांजराच्या मरणात होतो. ब्रोमॅडिओलोन यासारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदराला लगेच मारीत नाहीत. उंदीर काही दिवस सुस्त फिरतो व याच अवस्थेत मांजराच्या तोंडी सापडतो. असे अनेक उंदीर खाल्ल्यास विष मांजराच्या यकृतात साठते व अंतर्गत रक्तस्राव होतो. झिंक फॉस्फाइडने मेलेल्या उंदराच्या पोटात विष शिल्लक असल्यास तोही घातक ठरतो. गव्हाणी घुबड व धामण हे शेतकऱ्याचे आणखी दोन मित्रही अशाच रीतीने मरतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. भाताची नवी आवक घरात येण्यापूर्वी, म्हणजे आश्विनाच्या आरंभी, उंदरांची मोहीम पूर्ण करावी. घरात प्रथम पिंजरे व चाप वापरावेत. विष वापरणे भागच पडल्यास गावच्या कृषी कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने, शिफारस केलेल्या प्रमाणातच, बिळाच्या आत ठेवावे; मांजर त्या काळात खोलीत कोंडून तेथेच खावयास घालावे; मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. विष खाल्ल्याचा संशय येताच मांजरास आमिषाच्या वेष्टनासह पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. रक्त न गोठविणाऱ्या विषावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे.

याखेरीज दोन औषधांबाबत सावध राहावे. ताप उतरविण्यासाठी माणसे घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक आहे. तसेच कुत्र्यांच्या व गुरांच्या गोचिडांवर वापरण्यात येणारे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या अंगाला लागू देऊ नये. गोठ्यात फवारणी झाल्यावर जमीन वाळेपर्यंत मांजरास आत येऊ देऊ नये.

पैदास व संख्येवर नियंत्रण

भाटी पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असून एका वेळी साधारणतः तीन ते पाच पिले होतात. पिलांचे डोळे सात ते दहा दिवसांनी उघडतात. वर्षातून दोन-तीन वेळा वीण होत असल्याने एका भाटीपासून थोड्याच काळात मांजरांचा तांडा होतो.

मग नकोशी पिले पोत्यात घालून बाजारात, रेल्वे स्थानकाजवळ अथवा खाडीकाठी सोडून दिली जातात. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. ही गोष्ट निर्दय तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. सोडलेल्यांपैकी जी जगतात ती कचऱ्यावर वाढतात, त्यांची पुन्हा वीण होते व रोगराई वाढते. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची अनेक खेडी आता शहराला भिडली असल्याने इमारतींतील मांजरे शेतावर व शेतावरील मांजरे इमारतींत असे सहज येत-जात असतात.

भाटी व बोका यांची पशुवैद्यकाकडून शस्त्रक्रिया करवून घेणे हाच यावरील योग्य उपाय होय. शस्त्रक्रियेने शिकारीची ओढ जात नाही. बोक्याचे भटकणे, भांडणे व मूत्र उडविणे कमी होते आणि तो घराजवळ राहतो. कोठाराच्या दृष्टीने हा लाभच आहे. एका शेतघरास एक-दोन सुदृढ मांजरे पुरेशी होतात.

माणसाचे आरोग्य

उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग कोकणपट्टीत भातलावणीच्या दिवसांत विशेष आढळतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात त्याची मोठी साथ आली होती. चिखलात काम करताना पायावर जखम असल्यास तो शरीरात शिरतो. उंदीर कमी ठेवणे हा त्याच्या प्रतिबंधाचा एक भाग आहे, व त्या मर्यादेत मांजराचा उपयोग माणसाच्या आरोग्यासही होतो.

मांजरापासून होणारे रोगही ठाऊक असावेत. मांजर चावल्यास अथवा त्याने ओरबाडल्यास रेबीज होऊ शकतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पाळलेल्या मांजरास तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो व तो गर्भास अपायकारक असतो. विष्ठेतील अंडी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढून पुरावी, गर्भवतीने हे काम करू नये, व परसातील भाजी धुऊन खावी. धान्याच्या राशीवर वा वाळवणावर मांजरास बसू देऊ नये.

रानमांजरांसंबंधी

माळरान, गवत व झुडुपांतून बाऊल म्हणजे रानमांजर राहते. तेही शेतातील उंदीर खाते. गवत कापताना त्याची पिले आढळल्यास ती घरी आणू नयेत व इतरत्र हलवू नयेत. त्यांची आई जवळच असते व रात्री परत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यास संरक्षण आहे. येऊरसारख्या जंगलालगतच्या भागात बिबट्याचा वावर असल्याने पाळलेले मांजर रात्री घरात ठेवावे.

सारांश

१. मांजर माजलेले उंदीर हटवीत नाही. हटविलेले उंदीर परत येऊ देत नाही. म्हणून आश्विनापूर्वी पिंजरे, बिळे बुजविणे व साफसफाई करून घर आधी उंदीररहित करावे.

२. कणगी जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंच माचीवर ठेवावी व माचीच्या पायांना पत्र्याचे शंकू बसवावेत. भिंतीतील बोट जाईल एवढेही छिद्र बुजवावे.

३. मांजरास माळ्यावर व कोठारात जाण्यास वाट ठेवावी.

४. सकाळ-सायंकाळ ठराविक वेळी मासे अथवा मांसयुक्त पूरक आहार द्यावा. उपाशी ठेवू नये. पाणी सतत असावे.

५. मांजर मोकळे असताना विषारी आमिष वापरू नये.

६. शस्त्रक्रिया व रेबीजची लस टाळू नये. पिले सोडून देऊ नयेत.

७. दर पंधरवड्यास उघडी बिळे व नव्या लेंड्या मोजाव्यात.

मांजराच्या पूरक आहारास व निगेस येणारा खर्च धान्यरक्षणाच्या खर्चातच धरावा. बैलाला वैरण घातल्याशिवाय नांगर चालत नाही, हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. कोठाराच्या राखणदारास लागणारा नियम याहून वेगळा नाही.